चाळणीची भोकं कोण ठरवतं?

चाकणच्या एखाद्या कारखान्याला डिप्लोमा झालेले वीस ट्रेनी हवे असतात. पूर्वी गेटवर पाटी लागायची. सोमवारी सकाळी शंभर-दीडशे मुलं बायोडाटा घेऊन रांगेत उभी राहायची आणि दुपारपर्यंत कोणीतरी त्यांच्या हातात व्हर्नियर देऊन एखादं माप घ्यायला लावायचं. आता तीच जाहिरात नोकरीच्या ॲपवर येते. अर्ज करायला अंगठा हलवावा लागतो, एवढंच. दोन दिवसांत अर्ज हजारांत जातात. त्यातले कित्येक अशा मुलांचे असतात ज्यांनी जाहिरात पुरती वाचलेलीही नसते, कारण त्याच संध्याकाळी त्यांनी आणखी चाळीस ठिकाणी अंगठा हलवलेला असतो.

यात मुलांची चूक काढू नये. अर्ज फुकट झाला की कोणीही शहाणा माणूस चार जास्त अर्ज करणारच. पण फुकट झाला तो फक्त अर्ज. तो वाचायचा खर्च जागेवरच राहिला आणि तो कारखान्याच्या एचआरमधल्या दोन माणसांवर येऊन पडला. त्यांनी काय केलं, तर चाळणी लावली: दहावी, बारावी, डिप्लोमा तिन्हीकडे साठ टक्के, बॅकलॉग (राहिलेला विषय) नको, वायडी (नापास होऊन गेलेलं वर्ष) नको, शिक्षणात एका वर्षापेक्षा जास्त गॅप नको. या अटींचा आणि लेथवर शाफ्ट (यंत्राचा गोल दांडा) काढण्याचा संबंध कोणीच दाखवलेला नाही. त्या लावल्या जातात त्या संगणकाला एका क्षणात लावता येतात म्हणून.

नोकऱ्या आहेत, पण मुलांकडे कौशल्य नाही, असं आपण गेली कित्येक वर्षं ऐकतो आहोत. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की कौशल्य पारखण्याची आपली पद्धत डिजिटल झाली आणि त्यात पारखच हरवली. ‘रोजगारक्षम’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ ‘यंत्राला वाचता येईल असा’ एवढाच उरत चालला आहे.

यंत्राला वाचता येणं म्हणजे काय, ते नीट पाहू. मोठ्या कंपन्यांकडे आलेला बायोडाटा आधी एक प्रणाली वाचते. ती फाइलमधला मजकूर उपसून नाव, शिक्षण, वर्षं, कौशल्यं अशा खणांत टाकते. कॉलेजमधली मुलं हौसेने दोन स्तंभांचं, रंगीत पट्ट्यांचं टेम्प्लेट उतरवून घेतात. बऱ्याच प्रणाली ते डावीकडून उजवीकडे सरळ ओळीने वाचतात, त्यामुळे डाव्या स्तंभातलं ‘वेल्डिंग’ आणि उजव्या स्तंभातलं ‘२०२२’ एकाच वाक्यात येतात. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकला तर काही प्रणालींना तो दिसत नाही. ‘ऑटोकॅड’पुढे पाचपैकी चार तारे काढले असतील तर ते चित्र असतं, यंत्राच्या लेखी तिथे काहीच नाही. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणलेला बायोडाटा तर कित्येकदा अख्खाच कोरा वाचला जातो.

मराठी मजकुराची गत आणखी वाईट. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. यंत्राला तीच दिसतात. युनिकोडमध्ये लिहिलं तरी पीडीएफ करताना कधी कधी रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सुटते, जोडाक्षरं फुटतात. तपासायची रीत सोपी आहे. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करायचा, नोटपॅडमध्ये चिकटवायचा आणि वरून खाली वाचायचा. तिथे जे दिसेल साधारण तेच यंत्राला दिसतं. हे दहा मिनिटांचं काम महाविद्यालयांच्या प्लेसमेंट सेलने पहिल्याच दिवशी शिकवायला हवं; ‘व्यक्तिमत्त्व विकासा’चं दोन दिवसांचं शिबिर नंतर घेतलं तरी चालेल.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी आहे. मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर स्वतःच्या नावाच्या ओळीत वडिलांचं नाव कधी गाळलेलं, कधी नुसतं आद्याक्षर. त्यात ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कोणी ‘डी’ने सुरू करतं, कोणी ‘जी’ने. ऑफर लेटरनंतर कागदपत्रांची पडताळणी करणारी बाहेरची एजन्सी ही नावं जुळवते आणि न जुळल्यास शेरा मारून मोकळी होते. मुलाला कळतं ते एवढंच की जॉइनिंग पुढे गेलं. दुरुस्तीसाठी राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची की नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेल, हे त्याला महा ई-सेवा केंद्रातला माणूस सांगतो. या सगळ्यात मुलाचं कौशल्य कुठे मोजलं गेलं?

आता या चाळणीवर दोन्ही बाजूंनी एआय आलं आहे. कंपनी जाहिरात एआयकडून लिहून घेते, उमेदवार तीच जाहिरात एआयला देऊन तिच्याशी जुळणारा बायोडाटा तयार करून घेतो, आणि कंपनीचं यंत्र या दोन्हींची जुळणी करून गुण देतं. पाचशे अर्जांत पाचशे जण ‘परिणामकेंद्रित’ आणि ‘संघभावनेने काम करणारे’. कागद सारखे दिसू लागले की निवडणारा कागदावरचा विश्वास सोडतो. मग तो शेवटी काय करतो? आपल्याच कामगारांना विचारतो, ‘तुझ्या ओळखीचं कोणी आहे का?’ त्याला आता रेफरल म्हणतात आणि रेफरल देणाऱ्याला बोनसही मिळतो. वशिला मोडेल म्हणून ज्या तंत्राचं स्वागत केलं, त्याने वशिल्याला नवं नाव आणि बक्षीस दिलं. ज्या मुलीच्या घरातलं कोणीच कंपनीत नाही, ती होती तिथेच राहिली.

एचआरमधल्या माणसांचं म्हणणंही ऐकायला हवं. पाच हजार अर्ज माणसाने वाचणं अशक्य आहे, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. दुसरंही एक खरं आहे. मामाच्या ओळखीने भरती होण्यापेक्षा ऑनलाइन परीक्षा बरी. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला पुण्यातल्या कंपनीची जाहिरात त्याच दिवशी दिसते, ही साधी गोष्ट नाही. यंत्राने चाळू नये असं माझं म्हणणं नाही. चाळणीची भोकं केवढी, ती कोणी पाडली, आणि त्यातून चांगला दाणा खाली गेला तर ते कळणार कसं, एवढंच विचारायचं आहे.

यंत्र आपोआप निःपक्षपाती असतं या समजुतीला जगात तडे गेले आहेत. अ‍ॅमेझॉनने बायोडाट्यांना गुण देणारी एक प्रणाली करून पाहिली. तिला आधीची दहा वर्षं आलेले बायोडाटा शिकवले होते आणि ते बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून ती स्त्रियांचा उल्लेख असलेल्या बायोडाट्यांचे गुण कापू लागली. कंपनीने तो प्रयोग गुंडाळला आणि २०१८ मध्ये ही बातमी जगाला कळली. व्हिडिओ मुलाखतीतल्या चेहऱ्यावरच्या हालचालींवरून उमेदवार तोलणाऱ्या हायरव्ह्यू या कंपनीने टीका झाल्यावर चेहऱ्याचं विश्लेषण सोडून दिल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून नियम लागू आहे: भरतीसाठी असं साधन वापरायचं तर वर्षातून एकदा त्रयस्थाकडून पक्षपाताची तपासणी, तिचा गोषवारा जाहीर, आणि उमेदवाराला किमान दहा कामाचे दिवस आधी सूचना. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात भरतीची साधनं ‘जास्त जोखमी’च्या गटात आहेत. आपल्याकडे २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, पण माहिती कशी हाताळावी हा त्याचा विषय. यंत्राने मला का नाकारलं, हा प्रश्न त्यात कुठेच सुटत नाही.

सरकारी भरतीत चाळणी उघड्यावर असते, म्हणून तिथले दोष निदान दिसतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. एवढ्या उमेदवारांना एकाच वेळी संगणकासमोर बसवता येत नाही, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात पन्नासहून जास्त सत्रं घ्यावी लागली. २१ ऑगस्टला सर्व्हरने दगा दिला आणि राज्यभर सकाळचं सत्र खोळंबलं. सत्रं वेगळी, म्हणजे प्रश्नपत्रिका वेगळ्या, म्हणजे काठिण्यही वेगळं. ते सारखं करायला सामान्यीकरण आलं. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण दिसले आणि गदारोळ झाला.

गणिताच्या अंगाने पाहिलं तर यात चमत्कार नाही. कठीण सत्रातल्या गुणांची पट्टी सोप्या सत्राच्या पट्टीशी जुळवताना ती ताणावी लागते. कठीण सत्रात कोणी १९० च्या पुढे गेला असेल, तर ताणलेली पट्टी २०० ओलांडू शकते. सूत्रालाच वरची मर्यादा नसेल तर ओलांडणारच. पण ज्या मुलाने दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन अभ्यास केला, त्याला हे निकालानंतर समजावणं म्हणजे जखमेवर गणित चोळणं. मूळ गुण, सत्राची सरासरी आणि सामान्यीकृत गुण हे तीन आकडे शेजारी शेजारी छापले आणि सूत्र जाहिरातीतच उदाहरणासह सोडवून दाखवलं, तर निम्मा संशय तिथेच मिटेल.

‘रोजगारक्षमते’च्या आकड्यांचंही असंच. दरवर्षी एक अहवाल येतो. भारतीय तरुणांपैकी रोजगारक्षम किती, तर २०२४ च्या अहवालात ५१.२५ टक्के आणि २०२५ च्या अहवालात ५४.८१ टक्के. मंत्र्यांच्या भाषणापासून कोचिंग क्लासच्या फलकापर्यंत हा आकडा फिरतो. दशांशाच्या पुढचे दोन आकडे पाहून वाटतं की कोणीतरी फार बारकाईने मोजलं असणार. मोजलेलं असतं ते एका ऑनलाइन चाचणीतलं यश: इंग्रजी, अंकगणित, तर्क, संगणक. चाचणीपर्यंत जे पोहोचले तेच त्यात येतात. या आकड्यावरून देशातले निम्मे तरुण निरुपयोगी ठरवणं म्हणजे धावण्याच्या शर्यतीवरून पोहणारे निवडणं.

कारण प्रत्यक्ष काम कसं बदललं आहे ते पाहिलं, तर चाचणी कुठे आणि काम कुठे हे लगेच कळतं.

इचलकरंजीतल्या एखाद्या सूत व्यापाऱ्याकडचा अकाउंटंट घ्या. पूर्वी त्याचा दिवस टॅलीत बिलं भरण्यात जायचा. आता बँकेचं स्टेटमेंट फाइलमधून थेट आत येतं आणि पाच कोटींवर उलाढाल असलेल्या पुरवठादाराचं बिल ई-इन्व्हॉइस म्हणून जीएसटीच्या पोर्टलवर आधीच नोंदलेलं असतं. भरण्याचं काम आटलं. वाढलं ते जुळवण्याचं. महिन्याने रिटर्न भरणारा पुरवठादार पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न भरतो, १४ ला त्यावरून आपल्या खरेदीचं टू-बी हे विवरण तयार होतं, २० ला थ्री-बी हे कर भरण्याचं रिटर्न भरायचं. मधल्या सहा दिवसांत या माणसाने आपली खरेदीची वही आणि टू-बी जुळवायचं असतं. न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. पुरवठादार तिमाही रिटर्न भरतो आणि मधल्या महिन्यात त्याने बिल अपलोडच केलं नाही. २७ ने सुरू होणाऱ्या महाराष्ट्राच्या जीएसटी क्रमांकाऐवजी त्याच मालकाच्या कर्नाटकातल्या २९ च्या क्रमांकावर बिल पडलं. वहीत बिल ‘४५’, पोर्टलवर ‘००४५/२५-२६’. आयजीएसटी या आंतरराज्य कराऐवजी राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला. परत गेलेल्या मालाची क्रेडिट नोट त्यांनी दाखवली, आपण विसरलो.

सॉफ्टवेअर यातली जुळणारी बिलं क्षणात बाजूला काढतं. न जुळणाऱ्यांचं काय करायचं, ते माणूस ठरवतो: पुरवठादाराला फोन करायचा, त्याचं पेमेंट अडवायचं, की त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट (वजावट) पुढच्या महिन्यावर ढकलायचं. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिल स्वीकारायचं, नाकारायचं की थांबवून ठेवायचं हा पर्यायही आला आहे, आणि तिथे चुकीचं बटण दाबलं तर पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो. या कामाला लागतं ते व्यवहाराचं भान, चिकाटी आणि पुरवठादाराशी मराठी-हिंदीत न भांडता बोलायची हातोटी. भरतीच्या चाचणीत विचारतात, दोन नळ टाकी किती वेळात भरतील.

भोसरीच्या शेडमध्ये वेगळी गोष्ट नाही. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, २५ मिलिमीटरचा शाफ्ट निघतो आहे आणि त्याच्या मापात सूट आहे २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इन्सर्ट (धातू कापणारी कड) झिजत जाते तसा व्यास वाढत जातो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेच्या भरपाईच्या खणात, थोडं थोडं उणे देत राहतो. इन्सर्ट बदलल्यावर तो ऑफसेट शून्य करायचा असतो. ते राहिलं आणि आत उणे ०.०४ पडून असेल, तर पुढचा शाफ्ट ४० मायक्रॉनने बारीक निघतो, म्हणजे भंगारात. मशिनवरून उतरवल्या उतरवल्या गरम जॉब (नुकताच काढलेला भाग) मोजला, तरी फसगत: वीस अंश जास्त गरम असलेला असा पोलादी शाफ्ट सुमारे ६ मायक्रॉन मोठा दिसतो. २१ पैकी ६ तिथेच गेले.

या शेडमध्ये आलेली डिजिटल गोष्ट म्हणजे मशिनशेजारचा टॅबलेट. दर दहाव्या जॉबचं माप त्यात भरायचं. उत्पादनाचं टार्गेट अंगावर असेल तर ऑपरेटर शिफ्ट संपताना एकदम वीस आकडे भरतो, सगळे २४.९९ च्या आसपास. वर ऑफिसात पडदा हिरवागार. आकडा खोटा आहे हे ओळखणाऱ्या सुपरवायझरला ठाऊक असतं की खरी मापं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत; ती सरकतात, मध्येच उडी मारतात, इन्सर्ट बदलली की मागे येतात. डिजिटल कौशल्य म्हणायचं तर ते याला म्हणावं. टॅबलेट चालवायला आठ दिवसांत कोणीही शिकतो.

आपण मात्र कौशल्य म्हटलं की प्रमाणपत्राकडे धावतो. एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा २००१ च्या सुमारास आली तेव्हा खेड्यापाड्यांत संगणकाला पहिल्यांदा हात लावण्याची ती संधी होती आणि तिचं ते काम मोठंच होतं. नोकरीची अट झाल्यावर ती अर्जाला जोडायचा एक कागद झाली. आज एआयच्या वीस तासांच्या कोर्सचं तेच होऊ घातलं आहे: व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायचा, शेवटची चाचणी मित्राने दिलेल्या उत्तरांवर सोडवायची, प्रमाणपत्र लिंक्डइनवर टाकायचं. टायपिंगची अट याहून प्रामाणिक वाटते. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. बसा आणि करून दाखवा.

करून दाखवण्याची जागा खरं तर कायद्यात आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. वर्षभर मुलगा डोळ्यांसमोर काम करतो. त्याहून चांगली परीक्षा कोणती? पण कित्येक ठिकाणी शिकाऊ म्हणजे स्वस्त मजूर. त्याला एकाच मशिनवर लोडिंग-अनलोडिंगला उभं करतात आणि वर्ष संपलं की पुढचा. राज्याच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना सरकार देतं. पैसे सरकारचे असल्याने आस्थापनेचं काहीच पणाला लागत नाही. शेवटी हातात मिळतं ते ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ एवढंच सांगणारं पत्र. कोणत्या मशिनवर किती तास, कोणती कामं स्वतः केली, कोणती चूक स्वतः शोधली, अशी एक पानाची नोंद सक्तीची केली तर पुढच्या मालकाला त्या पत्राचा काही उपयोग होईल.

मग पाच हजार अर्जांचं काय करायचं? माझं उत्तर अनेकांना रुचणार नाही: सोडत काढा. म्हाडाच्या घरांसाठी आपण सोडत मानतो, आरटीईच्या पहिलीच्या प्रवेशासाठी मानतो. कामाला खरोखर लागणाऱ्या दोन-तीन अटी जाहिरातीत लिहा, त्या पुऱ्या करणाऱ्यांतून दोनशे नावं सोडतीने काढा आणि त्या दोनशेंना नीट पारखा. साठ टक्क्यांची अट गुणवत्तेचा आव आणते. सोडत निदान खोटं बोलत नाही. ज्यांना यंत्राचीच चाळणी ठेवायची आहे त्यांनी एक पथ्य पाळावं. नाकारलेल्या प्रत्येक पाचशेमधून पंचवीस अर्ज कसेही उचलून माणसाने वाचावेत. त्यात तीन-चार बोलावण्याजोगे निघाले तर भोकं चुकीची आहेत. एका माणसाचं हे एका दुपारचं काम आहे.

पारखणंही महाग नाही. अकाउंटंटला चाळीस बिलं आणि एक टू-बी द्या, सहा चुका पेरा, पाऊण तास द्या. कोणाला किती सापडल्या यापेक्षा सापडल्यावर पहिला फोन कोणाला करणार, हे विचारा. ऑपरेटरला तीन शाफ्ट मोजायला द्या, त्यातला एक नुकताच मशिनवरून उतरवलेला असू द्या, आणि मायक्रोमीटरमध्ये मुद्दाम ०.०२ मिलिमीटरची झिरो एरर ठेवा. पहिला शाफ्ट हातात घेण्याआधी जबडे मिटवून शून्य पाहणारी मुलं किती निघतात, ते मोजा.